पंप फिरतोय पण पाणी चढत नाही: बाबांच्या विहिरीवरच्या १ एचपी मोनोब्लॉकबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. गाव कुडाळजवळ, आईबाबा दोघंच तिथे, तुम्ही डोंबिवलीला. विहीर ३० फूट खोल, ८ फूट रुंद, जांभ्याने बांधलेली. पंप १ एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच बॉडीत), विहिरीच्या बाजूला २ फूट उंच कट्ट्यावर, घरावर १००० लिटरची टाकी. दिवाळीपासून रोज सकाळी पंपात पाणी भरावं लागतंय. मार्च संपता संपता नवीनच सुरू झालं, पाणी भरलं तरी दोन मिनिटं येतं मग खडखड करून बंद, मोटर आपली फिरतेच आहे. संध्याकाळी कधीकधी नुसतं हम्म करते, फिरत पण नाही. विहिरीत अजून ४ फूट पाणी दिसतंय. आणि प्लंबर म्हणतो पंप म्हातारा झाला, दीड एचपीचा नवीन टाका.

नवीन पंप घेऊ नका. निदान आत्ता तरी.

मी २६ वर्षं हेच करतोय, विहिरीवरचे पंप बसवणं आणि काढणं, आणि तुमच्या वर्णनात मला एक नाही तीन वेगवेगळ्या भानगडी दिसतायत, त्या एकात एक मिसळल्यात म्हणून प्लंबरने सगळ्याचं खापर पंपावर फोडलं. दिवाळीपासूनची एक, मार्चपासूनची दुसरी, संध्याकाळची तिसरी. तिन्हीची कारणं वेगळी आणि दीड एचपीने त्यातली एकही जाणार नाही, उलट संध्याकाळची वाढेल.

आधी मार्चवाली घेतो कारण सगळ्यात मोठी तीच आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

पाणी आहे असं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, ४ फूट म्हणजे कमी नाही. ८ फुटी विहिरीत १ फूट पाणी म्हणजे साधारण १४०० लिटर होतं, म्हणजे तुमच्या विहिरीत आत्ता साडेपाच हजार लिटर पाणी उभं आहे. पण पंपाला विहिरीत पाणी किती आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, त्याला मतलब पाणी त्याच्यापासून किती खाली आहे याच्याशी. ३० फुटाची विहीर, ४ फूट पाणी, म्हणजे पाण्याचा वरचा थर जमिनीपासून २६ फूट खाली. वर कट्टा २ फूट. झाले २८ फूट, म्हणजे साडेआठ मीटर. इथेच सगळं अडलंय.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण तो ओढत नाही. पंप फक्त पाईपमधला दाब कमी करतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो दाब असतो तो पाण्याला पाईपात वर ढकलतो. हवेच्या दाबाची ताकद जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी उचलण्याएवढी, म्हणजे ३४ फूट, आणि ते पण समुद्रसपाटीला, पाईपमधे एक थेंब हवा नसताना, घर्षण शून्य धरून. ही गोष्ट काही नवीन नाही, गॅलिलिओने १६३८ ला छापून ठेवलंय की ओढणारा पंप तिकडच्या १८ हातांच्या वर पाणी चढवत नाही, आणि त्याचं कारण हवेचा दाब हे टॉरिसेलीने पाऱ्याची नळी उभी करून दाखवलं. मुलगी अकरावीला असताना तिच्या अभ्यासात हे निघालं, तेव्हा मला कळलं की आम्ही मेस्त्री लोक ज्याला "चोवीस फुटाचा नियम" म्हणतो तो कुठून आला. ३४ मधून पाईपचं घर्षण गेलं, फुटबॉलची (पाईपच्या खालच्या टोकाला असतो तो, पुढे सांगतो) जाळी आणि झडप यांचं गेलं, बेंडचं गेलं, पंपाला स्वतःला पोटात थोडा दाब लागतो तो गेला, हातात राहतात २२ ते २४ फूट. चांगला पंप, मोठा पाईप, सगळे जॉइंट घट्ट असले तर २५. २८ ला दोन मिनिटं पाणी आलं हेच मला विशेष वाटतं, तुमचा पंप म्हातारा असेल पण बरा आहे. (का कोण जाणे, पण मोजमाप थोडं इकडेतिकडे असेल असा मला संशय आहे, त्यावर शेवटी येतो.)

जानेवारीत विहिरीत १० फूट पाणी असेल तर हेच अंतर २२ फूट होतं, म्हणून तेव्हा काही त्रास नव्हता. पंप तोच, पाईप तोच, पाणी ६ फूट खाली गेलं. आपल्याकडे पाऊस धोधो पडतो पण जांभा म्हणजे चाळण, सगळं खाली झिरपून वहाळाला जातं आणि एप्रिल मे मधे विहीर तळ दाखवते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता दीड एचपीचं. एचपी वाढवलं की पंप वर जास्त उंच फेकतो किंवा मिनिटाला जास्त पाणी देतो. खालून जास्त खोलीवरून घेत नाही, घेऊच शकत नाही, कारण ढकलणारा दाब हवेचा आहे आणि तो अर्धा एचपीला आणि दहा एचपीला सारखाच. उलट मोठा पंप त्याच पाईपमधून जास्त पाणी मागतो, घर्षण वाढतं, आणि २४ फुटाला सुटायचा तो २२ लाच सुटतो. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, सुरवातीच्या वर्षांत मी स्वतः एका आंबेवाल्याला १ काढून २ एचपी बसवून दिला होता, जोडला, भरला, चालू केला, अर्ध्या मिनिटात कोरडा. तो माणूस माझ्याकडे बघतोय, मी पंपाकडे बघतोय. दोन दिवस जॉइंट उघडून परत लावले. शेवटी दुकानात हातापाया पडून पंप परत केला आणि जुनाच पंप आठ फूट खाली विहिरीत अँगलवर बसवला तर टाकी भरून वाहिली.

आंबोलीला माझं एक काम असतं अधूनमधून, तिकडे तर अजून अडीच फूट कमी धरावे लागतात, उंची ६९० मीटर, हवाच पातळ.

तो खडखड आवाज. तुम्ही लिहिलंय "आत खडी टाकल्यासारखा", बाबांनी अगदी बरोबर वर्णन केलंय. खेच फार झाली की पाण्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, थोडं पाणी पण वाफ होतं, आणि ते बुडबुडे इम्पेलरवर, म्हणजे पंपाच्या पोटात फिरणाऱ्या पात्यांच्या चाकावर, जाऊन फुटतात, फुटाणे भाजताना तडतडतात तसे. थोडे बुडबुडे असतील तोवर पंप कसाबसा चालतो, मग इम्पेलरच्या मधे हवेचा गोळा जमतो आणि पाणी सुटतं. तुमची दोन मिनिटं ही. त्या आवाजात पंप रोज चालवला तर इम्पेलरला उंदराने कुरतडल्यासारखी भोकं पडतात, मग मात्र तो खरंच म्हातारा होतो.

पण थांबा, फक्त पातळीवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. हवा कुठून तरी बाहेरून पण आत येत असेल. जानेवारीत खेच कमी होती तेव्हा केसाएवढी फट चालून जायची, आता खेच वाढली तर तीच फट भारी पडते. आणि इथे दिवाळीवाली भानगड येते.

रोज सकाळी पाणी भरावं लागणं म्हणजे रात्रभरात पाईपमधलं पाणी उतरतंय. सकाळी सलग तीनदा चालू बंद केला तर भरायला लागत नाही, पण रात्री ठेवला की उतरतो, असंच ना? मग शंभरात नव्वद वेळा फुटबॉल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाईपच्या टोकाला पाण्यात जी जाळीची झडप असते ती, खरं नाव फूट व्हॉल्व, पण सिंधुदुर्गापासून सोलापूरपर्यंत कुठल्याही दुकानात फुटबॉल मागा, बरोबर तेच देतात. झडप पाण्याला वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. तिच्या रबराला चीर पडली, किंवा झडपेत काही अडकलं, की पाणी हळूहळू गळतं.

तुम्ही म्हणता फुटबॉल गेल्या वर्षीच नवीन टाकला. नवीन असेल हो, पण त्यात काही अडकायला वय लागत नाही. सावंतवाडीच्या बाजूला एका घरी तीन महिन्यांत दोन फुटबॉल बदलून झाले होते, तिसरा घेऊन मला बोलावलं. जुना काढला, उलटा करून झडप उचलली तर आत बकुळीचं एक बी, चपटं, काळं तुकतुकीत, झडपेच्या कडेला असं बसलेलं की झडप कागदाएवढी उघडी. विहिरीवर बकुळ होती, जाळीच्या एका कोपऱ्याची तार तुटलेली होती तिथून आत गेलं. बी काढलं, जाळीला तार गुंडाळली, जुनाच फुटबॉल परत लावला. तिसरा त्यांनी जपून ठेवलाय अजून. तुमच्या विहिरीवर काय झाड आहे ते बघा, सुरूचं झाड असेल तर त्याच्या सुया अडकतात, माड असेल तर शेंडीचे धागे.

तपासायचं कसं ते सांगतो, बाबा स्वतः करू शकतील पण आधी मेन स्विच खाली आणि फ्यूज खिशात, मी मजा करत नाहीये, कोणीतरी येऊन बटण दाबतं. पंपाच्या डोक्यावरचं भरायचं बूच उघडा, काठोकाठ पाणी भरा, हवेचे बुडबुडे यायचे थांबेपर्यंत भरत राहा, पाच मिनिटं लागतात, लोक एक तांब्या ओततात आणि भरलं म्हणतात. भरलं की बूच उघडंच ठेवून चहा प्यायला जा. पंधरा मिनिटांनी पाणी तिथेच असेल तर फुटबॉल आणि पाईप दोन्ही ठीक. दोन बोटं खाली गेलं तर थोडी गळती. दिसतच नसेल तर मोठी.

पाणी उतरतंय पण फुटबॉलातून की पाईपच्या जॉइंटमधून हे कसं कळणार? तसाच भरलेला ठेवून टॉर्च घ्या आणि विहिरीच्या काठावरून पाईप वरून खाली सावकाश बघत जा. जिथे जॉइंट फुटलाय तिथून थेंब बाहेर पडताना दिसतो, पाईप ओला दिसतो, कधी हिरवट शेवाळाचा ओघळ पण असतो. जिथून पंप बंद असताना थेंब बाहेर येतो तिथूनच पंप चालू असताना हवा आत जाते, हे डोक्यात ठेवलं की अर्धं काम झालं. कुठेच थेंब नाही आणि तरी पाणी उतरतंय तर फुटबॉल, वर काढा.

वरच्या भागात, म्हणजे पंपाच्या तोंडापासून पहिल्या बेंडपर्यंत, थेंब दिसत नाही कारण तिथे पाण्याचा दाबच नसतो. तिथे माझी युक्ती दाढीचा फेस. पंप चालू असताना, ती दोन मिनिटं पाणी येतंय तेवढ्यात, युनियनवर (पान्याने खोलता येतो तो जोड), निपलवर, बेंडवर फेस लावायचा. जिथे फेस आत ओढला जाऊन खळगा पडतो तिथे फट. हात फक्त पाईपकडे, मोटर आणि वायरकडे नाही, पायात कोरडी रबरी चप्पल. फेस नसेल तर मळलेली कणीक जॉइंटभोवती थापा, पंप जर चार मिनिटं चालला दोनाच्या जागी तर चोर सापडला. माझ्याकडे व्हॅक्युम गेज पण आहे पण खरं सांगतो, कणकेने जास्त चोर पकडलेत.

फट बहुतेक प्लास्टिकच्या आट्यात असते. पीव्हीसीचा अडॅप्टर लोखंडी पंपात लावताना प्लंबर पान्याने एवढं आवळतो की आट्यात चीर जाते, ती वरून दिसत पण नाही, आणि उन्हात दोन वर्षांत मोठी होते. हाताने घट्ट आणि मग पान्याने एक सव्वा फेरा, बस. टेप लावताना आट्यांच्या टोकाकडून बघून घड्याळाच्या दिशेने गुंडाळायचा, उलटा गुंडाळला की आवळताना गोळा होऊन बाहेर येतो. लोखंड लोखंडात असेल तर मी अजून सफेदा आणि दोराच वापरतो, हसतात पोरं, हसू दे.

आणखी एक बघा, सक्शनचा, म्हणजे विहिरीतून पंपाकडे येणारा, आडवा पाईप पंपाकडे जाताना किंचित चढता हवा. कट्ट्यावरून जाताना मधे उंटासारखा उंचवटा असेल तर तिथे हवा जमून राहते, कितीही भरा. हिरवा लवचिक पाईप वापरला असेल तर तो खेचेने आतून चपटा होतो, तारेचा असला तरी जुना झाला की होतो, चालू असताना हाताने दाबून बघा. आणि पंपाचं तोंड सव्वा इंची असताना कोणी पैसे वाचवायला एक इंची पाईप सोडला असेल तर तो बदला, सक्शनला पाईप मोठा चालतो, लहान नाही.

पंप स्वतः ठीक आहे की नाही हे सिद्ध करायचंय? ड्रम लावा. युनियन खोलून विहिरीचा पाईप बाजूला करा, पंपाच्या तोंडाला दोन तीन फुटाचा तुकडा लावून पाण्याने भरलेल्या २०० लिटरच्या ड्रममधे सोडा, पंप भरा, चालवा. दणकून पाणी फेकलं तर पंप निर्दोष, सगळा दोष खालच्या पाईपात किंवा खोलीत. ड्रममधून पण मुतरी धार आली तर इम्पेलर झिजलाय, किंवा आत कचरा आहे, किंवा इम्पेलर शाफ्टवर सैल फिरतोय. धार मोजायची पण सोपी आहे, २० लिटरची बादली किती सेकंदात भरते ते मोबाईलवर बघा, २० सेकंद म्हणजे मिनिटाला ६० लिटर, टाकी सतरा मिनिटांत. टाकीच्या तोंडाशी हे एकदा पंप चांगला असताना मोजून भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवावं, माझी सगळ्या गिऱ्हाइकांना विनंती असते, कोणी ऐकत नाही.

हे ड्रमचं काम प्लंबरने अर्ध्या तासात केलं असतं तर दीड एचपीचं बोलणं निघालंच नसतं.

मोटर कधी रिवाइंड केली असेल, म्हणजे आतली कॉइल नव्याने गुंडाळली असेल, तर एक प्रश्न विचारा, त्यानंतर पाणी कमी झालं का? वायंडरकडून स्टार्टिंग कॉइलची टोकं अदलाबदल झाली तर सिंगल फेज मोटर उलटी फिरते, आणि गंमत म्हणजे उलटा फिरणारा पंप पण पाणी देतो, फक्त दमल्यासारखं. बॉडीवर बाण असतो तो बघा.

पंप आणि मोटरच्या मधून खाली ठिपके पडतात का? तिथे मेकॅनिकल सील असतं, एका बाजूला कार्बनची रिंग, दुसऱ्या बाजूला सिरॅमिकची, आरशासारख्या एकमेकीवर घासतात आणि मधल्या पाण्यानेच थंड राहतात. आता विचार करा, गेला महिनाभर तुमचा पंप दोन मिनिटं पाण्यावर आणि मग किती वेळ कोरडा फिरलाय? बाबा वर टाकीकडे बघायला गेले की दहा मिनिटं कोरडाच. सील कोरड्यावर तापतं, तडकतं, मग पाणी बेअरिंगमधे, मग बेअरिंग ओरडतं, मग मोटर जळते आणि म्हणतात पंपच वाईट होता. त्यामुळे सगळं दुरुस्त होईपर्यंत पाणी सुटलं की लगेच बंद, हे आईबाबांना दोघांना सांगा.

संध्याकाळचं हम्म. शाफ्ट हाताने फिरतोय का बघा, मेन बंद करून, मागच्या पंख्याच्या बाजूने. फिरत नसेल तर गंज किंवा खडा अडकलाय. मोकळा फिरत असेल आणि चालू केल्यावर नुसतं हम्म, तर दोनच गोष्टी, व्होल्टेज नाहीतर कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा डबा). तुमच्याकडे सकाळी चालू होते आणि संध्याकाळी होत नाही, म्हणजे मी आधी व्होल्टेजवर बोट ठेवीन. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, २३० च्या जागी १८० आले तर जोर शंभरातून साठावर येतो, आणि त्यात कपॅसिटर थोडा उतरलेला असला तर संपलंच. घरातल्या मीटरपासून विहिरीपर्यंत वायर किती लांब आणि किती जाड ते पण बघा, चालू होताना मोटर पाच सहा पट करंट घेते, शंभर फूट लांब १ एमएमची वायर असेल तर तिथेच ३० व्होल्ट खाल्ले. २.५ एमएम टाका. दीड एचपी लावला असता तर इथे अजून हाल झाले असते, म्हणून म्हटलं वाढेल.

कपॅसिटर बदलताना जुन्यावर लिहिलेले मायक्रोफॅरड बघून तेवढ्याचाच आणि ४४० व्होल्टचाच घ्या, "थोडा मोठा टाकू म्हणजे जोरात फिरेल" असं म्हणणारे असतात, जोरात फिरत नाही, कॉइल तापते. काढायच्या आधी तो डिस्चार्ज करा, दोन टोकांवर साधा बल्ब टेकवून, लाईट बंद असली तरी झटका देतो. हम्म करत असताना वीस सेकंद पण ठेवू नका, कॉइल जळायला तेवढं पुरतं. आणि विहिरीच्या लाईनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर पंपाच्या आधी तो बसवा, ओल्या कट्ट्यावर अनवाणी बाबा रोज बटण दाबतायत.

आता उपाय. आजच्या आज, एक पैसा न घालता, डिलिव्हरीचा, म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या पाईपचा, कॉक अर्धा बंद करून चालवा. लोकांना उलटं वाटतं, पाणी येत नाही तर कॉक का बंद करायचा. पण पाणी कमी वाहिलं की सक्शन पाईपमधलं घर्षण कमी होतं, पंपाला तोंडाशी लागणारा दाब कमी होतो, आणि जो २४ ला सुटतो तो २५-२६ पर्यंत धरून राहतो. टाकी सतरा मिनिटांच्या जागी चाळीस मिनिटांत भरेल, भरू दे. खडखड आवाज बंद होईपर्यंत कॉक पिळत जायचा, कान लावून. २८ ला हे चालेलच असं नाही, पण करून बघायला काय जातंय. सकाळी करा, रात्रभरात विहीर थोडी वर आलेली असते. १००० लिटर उपसलं की तुमच्या विहिरीची पातळी आठ साडेआठ इंच खाली जाते, त्यामुळे एका दमात टाकी भरायचा हट्ट नको, अर्धी सकाळी, अर्धी दुपारी.

कायमचा उपाय म्हणजे पंप पाण्याजवळ नेणं. आठ दहा फूट खाली जांभ्यात दोन लोखंडी अँगल गाडून त्यावर पंप, जुना पंप, तोच. २८ मधून १० गेले, १८ राहिले, म्हातारा पण आनंदाने ओढेल. टाकीपर्यंत १० फूट जास्त फेकायला लागतील, तेवढं १ एचपीला काही नाही. फक्त एक, आपल्याकडे जून लागला की पाणी किती वेगाने वर येतं ते आठवा. मे मधे खाली बसवलेला पंप पहिल्या मोठ्या पावसात बुडालेला मी डझनभर वेळा काढलाय, एकदा तर माझ्याच मेव्हण्याचा. साखळी बांधून ठेवा, युनियन दोन्ही बाजूला द्या म्हणजे पान्याने दहा मिनिटांत सुटेल, आणि मिरगाच्या आधी वर घ्या.

आईबाबा दोघंच आहेत म्हणता, दरवर्षी खालीवर कोण करणार, तर मग ओपनवेल सबमर्सिबलचा विचार करा, हा एकच नवीन पंप मी तुम्हाला घ्या म्हणेन. तो पाण्यातच बसतो, सक्शन नाही, भरणं नाही, फुटबॉल नाही, हवेची भानगडच नाही. तोटा म्हणजे पाणी त्याच्या अंगावरून खाली गेलं की तापतो, म्हणून ड्राय रन प्रोटेक्शनवाला, म्हणजे पाणी संपलं की आपोआप बंद करणारा, स्टार्टर घ्या, आणि दुरुस्तीला प्रत्येक वेळी वर ओढावा लागतो. तळाला गाळ असेल तर थेट गाळात ठेवू नका, फूटभर वर दगडावर.

कुठलंही काम करायला कोणी विहिरीत उतरणार असेल तर एवढं पाळा: एकट्याने नाही, कमरेला दोरी आणि वर दोन माणसं. तळाला हवा खराब असू शकते, वास येत नाही, माणूस सरळ कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तो पण. कंदील सोडून बघतात, विझला तर उतरायचंच नाही, पण नाही विझला म्हणजे सगळं ठीक असं पण नाही, बादली पाचपन्नास वेळा वरखाली करून हवा हलवा. डिझेलचं किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवून पाणी उपसायचं नाही, कधीच नाही.

तर आधी काय करायचं. तुमचे ३० फूट आणि ४ फूट हे डोळ्याने सांगितलेले आकडे वाटतात मला, २८ ला पंप सहसा चढवत नाही, म्हणून विचारतोय. बाबांना सांगा सुतळीला दगड बांधून पंपाच्या मधोमध जी उंची येते तिथून सरळ खाली पाण्याला टेकेपर्यंत सोडा, गाठ मारा, टेपने मोजा, तिरका पाईप मोजू नका, उभं अंतर. एकदा सकाळी पंप लावायच्या आधी आणि एकदा पाणी सुटल्या सुटल्या लगेच. दोन्ही आकडे इथे टाका, आणि बूच उघडं ठेवून पंधरा मिनिटांत पाणी किती बोटं उतरलं ते पण, मग अँगल नक्की किती फुटावर मारायचा ते सांगतो.